लेथवरचा कॅमेरा आणि 'सावकारी पाश'

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी जॉब केलाय आणि तो मापात बसेना म्हणून फाईल मारमारून सरांपुढे नेलाय. आता विचार करा, असंच लेथवर काम करून कुणी सिनेमाचा कॅमेरा बनवला तर? थाप नाही, घाटापलीकडे कोल्हापुरात हे घडलंय.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर नात्याने भाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर (१९१३) दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा घरीच करायचं ठरलं. १९१६ साली आनंदराव वारले. पण बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ च्या सुमारास तो पुरा केला.

यात अवघड काय? फिल्म सलग सरकत राहिली तर चित्र पुसट येतं. म्हणून प्रत्येक फ्रेमला ती क्षणभर थांबवायची, शटर उघडून मिटायचं, मग चार भोकं पुढे ओढायची. सेकंदाला साधारण १६ वेळा, तेही हाताने! हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम्स. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटणार.

'सैरंध्री' (१९२०) गाजला, पण मला खरा भिडतो तो १९२५ चा 'सावकारी पाश'. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'पाश' म्हणजे काय ते आजीला विचारावं लागलं. ती म्हणाली, "फास गो, पण कागदाचा." आमची कलमांची एक रांग अशीच कुणाच्या तरी वहीत गेली होती म्हणे.

कथा ना. ह. आपट्यांची. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि त्याला पोटासाठी शहरात गिरणी गाठावी लागते. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम! तिकडे अमेरिकेत जॉन फोर्ड 'द आयर्न हॉर्स'मध्ये (१९२४) घोडे आणि रेल्वे पळवत होता. इकडे देवादिकांचे चमत्कार बघायला सरावलेल्या लोकांपुढे बाबूरावांनी कर्जबाजारी कुणबी उभा केला.

त्यातल्या एका दृश्याबद्दल वाचलं आणि रात्री होस्टेलवर झोप लागेना. अंधुक उजेडात एक उदास झोपडी, आणि कुत्रं रडतंय. मूकपट, म्हणजे आवाज नाहीच. तरी बघणाऱ्यांना तो ऐकू आल्यासारखा वाटायचा.

१९३६ साली बाबूरावांनी हाच विषय बोलपटात पुन्हा केला. मूळ मूकपटाची प्रिंट मात्र आज उपलब्ध नाही. ती झोपडी आणि ते कुत्रं, ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं.