गाडीच्या जागेचा हिशेब: दुकान बांधण्यापूर्वी हे वाचा

डहाणूत किंवा तलासरीत वडिलोपार्जित जागेवर इमारत बांधावी, खाली दुकान किंवा कारखाना आणि वर राहते घर असावे, अशी आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची इच्छा असते. भांडवल कसेबसे जमते, नकाशाही तयार होतो. मग आर्किटेक्ट सांगतो की, अमुक इतक्या गाड्यांची जागा दाखविल्याशिवाय परवानगी मिळणार नाही. इथेच अनेकांचा बेत मोडतो. म्हणून या वेळी आम्ही पार्किंगच्या सक्तीचा विषय घेतला आहे. ही सक्ती काय असते, तिचा भार कोणावर पडतो आणि ती कमी व्हावी यासाठी आपण काय करू शकतो, हे क्रमाने पाहू.

नियम काय सांगतो?

नव्या इमारतीत येणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहू नयेत, म्हणून आवारातच ठराविक जागा राखावी लागते. ती किती, हे घरांच्या व दुकानांच्या चटई क्षेत्रावर ठरते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. तिच्यात पार्किंगचा तक्ता आहे आणि त्यातील आकड्यांना शहराच्या वर्गाप्रमाणे गुणक लावला जातो. लहान गावात मोठ्या शहराइतक्या गाड्या मोजू नयेत, हे तत्त्व शासनानेच त्यात मान्य केले आहे.

मात्र आपल्या भागापुरती एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. २०२० ची नियमावली मंजूर झाली तेव्हा अशी क्षेत्रे तिच्यातून वगळण्यात आली. नगरपंचायतींना मात्र ती लागू झाली, आणि तलासरी ही नगरपंचायत आहे. तेव्हा तलासरीत नातेवाइकाने जसे बांधले तसेच डहाणूतही चालेल, असे धरून चालू नये. आपल्या जागेला कोणती नियमावली आणि कोणता तक्ता लागू आहे, हे नगररचना कार्यालयाला अर्ज देऊन लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर पाया खणू नये.

जागा फुकट नसते

आता हिशेब मांडू. एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा धरतात. पण गाडी आत घ्यायला व वळवायलाही जागा लागते. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात उघड्यावरच्या एका मोटारीमागे २३ चौरस मीटर, तळमजल्यावरच्या छताखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरले आहेत.

समजा, आपला प्लॉट १८० चौरस मीटरचा आहे आणि चार मोटारींची जागा मागितली गेली. चार गुणिले २३, म्हणजे ९२ चौरस मीटर. निम्म्याहून अधिक प्लॉट गेला. जिना आणि सामासिक अंतरे यांचा विचार अजून व्हायचाच आहे. हीच मागणी दोन मोटारींवर आली, तर ४६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४९५ चौरस फूट जागा वाचते. दहा बाय बारा फुटांचे चार गाळे त्यात बसतात. चार कारागिरांची रोजी त्या जागेत आहे.

यावर अनेकजण तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवतात आणि दुकान वर नेतात. पण दुकानाचा जीव रस्त्याकडच्या तोंडात असतो. पहिल्या मजल्यावर किराणा चालत नाही, शिवणकामाचे गिऱ्हाईकही जिना चढायला कंटाळते. मोठ्या बिल्डरला हा खर्च पन्नास फ्लॅटांवर वाटता येतो. चिंचणीत घरातच दागिन्यांच्या डाय कोरणाऱ्या कारागिराने तो कोणावर वाटायचा?

गिऱ्हाईक येते कसे?

आपल्या बाजारात गिऱ्हाईक पायी येते, रिक्षाने येते, एसटीने येते. एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, तेव्हापासून लोकलनेही येते. फार तर दुचाकीवर येते. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर जागा पुरते; एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी मावतात. तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. तिथल्या दुकानदाराला मोटारीच्या चौकोनापेक्षा टेम्पो लावून माल उतरवायची जागा अधिक उपयोगी पडेल.

इतरत्र काय झाले?

अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिले की, सक्तीच्या पार्किंगची किंमत घरभाड्यात आणि मालाच्या भावात मिसळते; गाडी नसलेलाही ती भरतो. लॉस एंजेलिसने १९९९ साली जुन्या रिकाम्या कचेऱ्यांची घरे करताना नव्या पार्किंगची अट सोडली आणि ओस पडलेल्या इमारतींत हजारो घरे झाली. मेक्सिको सिटीने २०१७ साली किमान पार्किंगची सक्तीच काढून त्याऐवजी कमाल मर्यादा घातली.

कोणी म्हणेल, सक्ती कमी केली तर रस्ता तुंबेल. ही शंका रास्त आहे. जपानने १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्यावरच ती ठेवण्याची जागा दाखविण्याचे बंधन घातले. गाडीची जबाबदारी आधी गाडीवाल्याची, असा त्याचा अर्थ. आणि खरे सांगायचे तर, आपल्या दुकानासमोर दिवसभर उभी असते ती बहुधा आपलीच स्कूटर. ती हलवली तर गिऱ्हाइकाला जागा होते.

आपण काय करावे?

पहिले, जागा घेण्यापूर्वीच पार्किंगचा आकडा काढून घ्यावा आणि मग सौदा करावा.

दुसरे, नकाशात पार्किंग दाखवून नंतर तिथे गाळे काढण्याचा मोह टाळावा. भोगवटा प्रमाणपत्र अडते, बँक कर्ज देत नाही, आणि नोटीस आली की भाडेकरू कारागीर आधी रस्त्यावर येतो.

तिसरे, एकेकट्याने हेलपाटे घालण्यापेक्षा व्यापारी मंडळाने एकत्र मागणी करावी: लहान गाळ्यांना सूट, मोटारीऐवजी दुचाकीची जागा, माल उतरविण्यासाठी वेळ ठरवून सामायिक जागा. दुकानांच्या वेळा, राहणाऱ्यांच्या वेळा आणि जुम्म्याच्या नमाजाची वेळ वेगवेगळ्या असतात. तीच जागा तिघांच्या कामी येऊ शकते.

चौथे, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नियमांत फेरबदल करायचा झाल्यास नोटीस काढून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी साधारण एक महिना मिळतो. तेवढ्यात लेखी सूचना द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला हजर राहावे.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. जमिनीवरचा ताण आता वाढणार आहे. नियम बदलतील तेव्हा मोठ्यांचे म्हणणे मांडायला त्यांचे सल्लागार असतील. लहान दुकानदाराचे म्हणणे त्यालाच मांडावे लागेल, आणि ते आकड्यांसह मांडावे, एवढेच आमचे सांगणे आहे.