सेफ्टी व्हॉल्व्ह : वाफेचा वेगळा, हवेचा वेगळा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे सायझिंग आणि डाइंगवाल्यांची चूल म्हणजे बॉयलर. मालक रोज सुताचा भाव विचारतो. सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचा कधी तपासला, हे मात्र क्वचित विचारतो. आम्ही कापडाचे व्यापारी. ज्या सायझिंगमधून आमचा माल येतो, तिथे उभे राहून जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

एका ठिकाणी आम्ही पाहिले, व्हॉल्व्ह गळत होता म्हणून मिस्त्रीने वरचा स्क्रू आवळला. गळती थांबली, वाफ वाचली, सगळे खूश. पण त्यामुळे व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडणारच नव्हता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. गळणारा व्हॉल्व्ह आवळायचा नसतो. तो उतरवून त्याची सीट घासून घ्यायची, ठरलेला दाब पुन्हा लावायचा आणि सील करायचे.

आता मुख्य धडा. सगळे व्हॉल्व्ह एकाच तऱ्हेने तपासता येत नाहीत.

वाफेचा व्हॉल्व्ह एकदम फटकन उघडतो आणि दाब थोडा उतरल्यावर बंद होतो. वाफेच्या उष्णतेने स्प्रिंग नरम पडते. म्हणून थंड हवेवर १० किलोला लावलेला व्हॉल्व्ह गरम वाफेवर थोडा आधी उघडू शकतो. शिवाय तो किती दाबावर बंद होतो, हे छोट्या हवेच्या बाकावर नीट कळत नाही. बॉयलरच्या व्हॉल्व्हची शेवटची खात्री वाफेवरच करावी.

कॉम्प्रेसरच्या टाकीचा व्हॉल्व्ह हवेवर तपासावा, पाण्याच्या लाइनचा पाण्यावर. पाण्यावर तो हळूहळू उघडतो, फटका देत नाही. हा दोष समजू नये. १३० अंशांवर चालणाऱ्या जेट डाइंग मशीनमध्ये रंग आणि मीठ सीटवर जमते. तो व्हॉल्व्ह नुसता तपासून भागत नाही, खोलून साफ करावा लागतो.

अमेरिकेच्या एएसएमई नियमांतही हा फरक दिसतो. बॉयलरचा व्हॉल्व्ह लावलेल्या दाबाच्या साधारण ३ टक्के वर पूर्ण उघडला पाहिजे. प्रोसेसच्या टाकीला साधारण १० टक्के सवलत आहे. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला. कायदा कोणताही असो, बॉयलरचे सर्टिफिकेट मुदतीचे असते आणि मुदत संपण्याआधी तपासणी करून घेणे मालकाच्याच अंगावर असते.

व्हॉल्व्ह तपासून आला की कागदावर पाच गोष्टी पाहा : व्हॉल्व्हचा नंबर, लावलेला दाब, चाचणी वाफेवर की हवेवर, तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव. मग कागदावरचा नंबर व्हॉल्व्हवरच्या नंबराशी जुळवा आणि सील शाबूत आहे का ते बघा. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दुसरा कॉक कधीही बसवू नका. लिव्हरवर वजन टांगू नका. लिव्हर ओढून पाहायचा असेल तर लावलेल्या दाबाच्या किमान ७५ टक्के दाब असताना ओढा.

चाचणीचे बिल शे-दोनशे रुपयांनी कमी करायला गेलो, तर बॉयलरशेजारी उभ्या असलेल्या कारागिराच्या जिवाशी आपण सौदा करतो. असा नफा आपल्या वहीत नको.