बॉनला निघण्यापूर्वी

चि. मनूस,


बॉनच्या मॅक्स प्लांक संस्थेत पोस्टडॉक मिळाल्याचं वहिनीकडून कळलं. फार आनंद झाला. जायचं पक्कं आहे, पण परत येणं जमेल का या विचाराने तुझी झोप उडाली आहे, असंही ती म्हणाली.

जा. देश सोडून चाललीस म्हणून कोणी टोचून बोललं तर मनाला लावून घेऊ नकोस. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ज्या तीस अँटेनांवर तू पीएच.डी. केलीस, त्या अशाच जाण्या-येण्यातून उभ्या राहिल्या. त्या उभ्या करणारे गोविंद स्वरूप १९५३ मध्ये सिडनीला शिकायला गेले. तिथे वापरातून बाद होणाऱ्या बत्तीस छोट्या डिश त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या. त्या इथे यायला वेळ लागत गेला, तेव्हा ते अमेरिकेला गेले आणि स्टॅनफर्डला पीएच.डी. केली. १९६१ मध्ये त्यांनी आणि परदेशातल्या आणखी तिघांनी मिळून इथल्या संस्थांना कळवलं, की आम्ही एकत्र परत येऊन काम उभं करायला तयार आहोत. होमी भाभांची होकाराची तार गेली. १९६३ मध्ये स्वरूप भाभांच्या टीआयएफआरमध्ये रुजू झाले आणि १९६५ मध्ये त्याच डिश कल्याणला सूर्याचा वेध घेऊ लागल्या. चौघांपैकी सगळेच काही कायमचे इथे राहिले नाहीत, तरी काम थांबलं नाही. पुढे उटीची दुर्बीण झाली, मग खोडदची.

यातलं 'एकत्र' महत्त्वाचं. एकेकटी परत आलेली हुशार माणसं वर्कशॉप नाही, विद्यार्थी नाहीत, अशी एकाच संगणकासमोर कुजताना मी पाहिली आहेत. शिवाय स्वरूपांनी बाहेरचं जसंच्या तसं उचललं नाही. खोडदच्या ४५ मीटरच्या डिशला जड पत्रा न लावता ताणलेल्या दोरांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही आवाक्यात. म्हणून एफेल्सबर्गच्या दुर्बिणीवर गेलीस की नुसता डेटा घेऊन परतू नकोस. रिसीव्हर उघडून बसलेल्या इंजिनिअरांपाशी बस, प्रश्न विचार.

खोडदच्या डेटावरचं कामही सोडू नकोस. २०२३ मध्ये युरोपच्या आणि आपल्या पल्सार गटांनी मिळून गुरुत्वीय लहरींच्या खुणा मांडल्या, त्यात खोडदची निरीक्षणं होती. तुझ्यासारखी दोन्हीकडे पाय असलेली माणसं अशा कामाला लागतातच.

आता पोटापाण्याचं. पोस्टडॉकचे करार मुदतीचे असतात आणि जर्मनीत पीएच.डी.नंतर अशा करारांवर साधारण सहा वर्षंच काढता येतात. तेव्हा शेवटच्या वर्षी धावपळ करू नकोस, दुसऱ्या वर्षापासूनच इकडच्या जागा बघ. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठीची रामानुजन फेलोशिप पाच वर्षांची असते. अर्ज करताना वयाची अट आधी वाच आणि पाच वर्षांनंतर कायम जागा मिळणार का, हे संस्थेला स्पष्ट विचार. वयाच्या या अटी मुलींना जास्त नडतात. लग्न, मूल, जोडीदाराची नोकरी हे सगळं त्याच वर्षांत येतं. त्याबद्दल संस्थेला विचारायला संकोच करू नकोस.

निघण्यापूर्वी एकदा खोडदला जाऊन ये. कंट्रोल रूममधल्या मंडळींना नवा ई-मेल दे आणि कुठला डेटा बॉनहून वापरता येईल ते ठरवून घे.

तुझा,
काका