प्रोस्टेट : नुसत्या इंजेक्शनवर थांबू नका

एक निवृत्त गुरुजी रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठत. वय पाहून मी गोळ्या दिल्या. त्यात चार महिने गेले; पी.एस.ए. ही रक्ततपासणी मी आधीच करायला हवी होती. केली तेव्हा आकडा ४६ आला. बायोप्सीत कर्करोग निघाला, ग्लीसन गुण ८. पी.एस.ए. २० च्या वर किंवा ग्लीसन ८ ते १०, यापैकी एक जरी असले तरी तो जास्त धोक्याचा समजतात.

सुदैवाने हाडांच्या स्कॅनमध्ये रोग पसरलेला नव्हता. तरी घरच्यांना एके ठिकाणी सांगितले गेले, "अंडकोष काढा नाहीतर इंजेक्शने घ्या, या वयात एवढे पुरे." पुरुषी हार्मोन बंद झाले की पी.एस.ए. उतरतो, त्रास कमी होतो, आणि रुग्ण पुढे जातच नाही. इथेच फसगत होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील ८७५ रुग्णांच्या अभ्यासात, दहा वर्षांत या कर्करोगाने मृत्यू पावलेले नुसत्या हार्मोन उपचाराच्या गटात सुमारे २४ टक्के होते. किरणोपचारांची जोड दिलेल्या गटात १२.

म्हणून रोग पसरलेला नसेल, प्रकृती बरी असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ दोघांनाही भेटावे. काहींना शस्त्रक्रियाही चालते. शेक घेतल्यास हार्मोनची इंजेक्शने बहुधा दीड ते तीन वर्षे लागतात. जाताना बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून न्या; नुसता कागद पुरत नाही.

गुरुजींचे ब्लॉक आणायला मीच चिठ्ठी दिली. त्यांचे शेक आता सुरू आहेत.