आपल्या जिल्ह्याने जगाला शिकविलेली तपासणी

अमेरिकेतून 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' नावाचे एक वैद्यकीय साप्ताहिक निघते. त्यात छापून आलेल्या गोष्टीला जगभरचे डॉक्टर वजन देतात. या साप्ताहिकाच्या २ एप्रिल २००९ च्या अंकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातील १,३१,७४६ स्त्रिया आपल्याच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या होत्या. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये आले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कोणत्या तपासणीने कमी होतात, या प्रश्नाचे उत्तर या अभ्यासाने दिले आणि पुढे अनेक देशांनी आपली धोरणे ठरविताना त्याचा आधार घेतला. परदेशातले डॉक्टर आजही 'उस्मानाबादचा अभ्यास' म्हणून त्याचा उल्लेख करतात. मुरुमच्या बाजारात मात्र दहा जणींना विचारले तर एकीला तरी तो ठाऊक असेल की नाही, याची शंका वाटते. म्हणून आज त्याविषयी.

आधी रोगाची थोडी ओळख करून घेऊ. गर्भाशयाचे तोंड म्हणजे पिशवीचा योनीमार्गात उघडणारा खालचा भाग. येथे होणाऱ्या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो. हे वाचून कोणी कोणाकडे संशयाने पाहू नये, कारण हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो आणि तेथील पेशी हळूहळू बिघडवू लागतो. या बिघाडाचा कॅन्सर होण्यास साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. एवढी लांब मुदत देणारे कॅन्सर फार थोडे आहेत. या मुदतीत बिघाड सापडला तर दवाखान्यातल्या काही मिनिटांच्या उपचाराने तो काढून टाकता येतो. अडचण अशी की या काळात दुखत नाही, खुपत नाही, काहीच कळत नाही. त्रास होऊ लागतो तेव्हा बहुधा रोग पुढे गेलेला असतो.

शोधनिबंध २००९ चा असला तरी गोष्ट सुरू होते १९८७ मध्ये, शेजारच्या बार्शीत. तेथील नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने ग्रामीण भागातील देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुकेही तिच्यात होते. शहरात अशी नोंदणी करणे तुलनेने सोपे असते, रुग्णालयांची दप्तरे पाहिली की काम भागते. खेड्यातला रुग्ण मात्र दप्तरापर्यंत पोहोचतच नाही. घरीच आजारी पडतो, घरीच जातो, आणि मृत्यूचे कारण 'म्हातारपण' किंवा 'पोटाचे दुखणे' एवढेच सांगितले जाते. म्हणून बार्शीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीला आणले. त्यातून दिसले की या भागातील बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाचा आहे, आणि तो उशिरा, फार उशिरा सापडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. केवळ माहिती देत फिरल्यानेच काही वर्षांत रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो हे कोणी आकड्यांत दाखवून दिले, तर ते या मंडळींनी.

अभ्यास कसा झाला

ऑक्टोबर १९९९ मध्ये मुख्य अभ्यास सुरू झाला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन हे त्यातील प्रमुख. प्रश्न साधा होता. तपासण्या तीन प्रकारच्या आहेत. पहिली, गर्भाशयाच्या तोंडावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, हे डोळ्यांनी पाहणे. दुसरी पॅप तपासणी, म्हणजे तेथील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसरी, ब्रशने नमुना घेऊन त्यात एचपीव्ही विषाणू आहे का, हे यंत्राने शोधणे. खेड्यातल्या बाईला आयुष्यात एकदाच तपासणीची संधी मिळणार असेल, तर यांपैकी कोणती करावी?

आपल्या शेतकरी वाचकांना याची रीत चटकन समजेल. तुरीचे नवे वाण चांगले की जुने, हे ठरवायचे तर एकाच प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून, चिठ्ठ्या टाकून, कोणत्या तुकड्यात कोणते वाण पेरायचे ते ठरवतात. आपल्याला आवडलेले वाण काळ्या रानात आणि दुसरे माळावर पेरले तर निकालाला अर्थ उरत नाही. येथेही तसेच केले. गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला काय मिळेल ते नशिबावर सोपविले. एकाच गावातल्या दोघी जावांना वेगवेगळ्या तपासण्या देणे व्यवहारात जमले नसते, म्हणून गावेच्या गावे एका गटात घेतली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रिया निवडल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६, पॅप तपासणीच्या गटात ३२,०५८, आम्लाच्या तपासणीच्या गटात ३४,०७४ आणि नेहमीचीच आरोग्यसेवा मिळणाऱ्या चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तपासणीत दोष दिसलेल्यांची दुर्बिणीने पुन्हा पाहणी करून गरज असेल त्यांना उपचार दिले. पुढे आठ वर्षे सर्वांचा पाठपुरावा ठेवला. कोणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यावर सापडला, कोण दगावले, हे सारे टिपून ठेवले.

आता निकाल पाहू. आकडे पाहताना घाई करू नये, कारण पहिला आकडा बुचकळ्यात टाकतो. एचपीव्ही गटात १२७ जणींना कॅन्सर निघाला आणि तपासणी न झालेल्या चौथ्या गटात ११८ जणींना. म्हणजे तपासणी केली तिथे कॅन्सर जास्त! असा आकडा हाती आला की 'तपासायला गेलो की काहीतरी निघतेच, त्यापेक्षा न गेलेले बरे' असे म्हणणारे लोक आपण रोज पाहतो. पण पुढचा आकडा वाचावा. दुसऱ्या किंवा त्याहून पुढच्या टप्प्यावर पोहोचलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९ होते, चौथ्या गटात ८२. आणि मृत्यू? एचपीव्ही गटात ३४, चौथ्या गटात ६४. शोधले म्हणून जास्त सापडले, आणि लवकर सापडले म्हणून बायका वाचल्या. गटातील सर्व स्त्रिया धरून पाहिले तर हजारी सुमारे दोन मृत्यूंचे प्रमाण हजारी एकवर आले. तेही आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने.

पॅप गटात ५४ आणि आम्लाच्या तपासणीच्या गटात ५६ मृत्यू झाले. चौथ्या गटापेक्षा हे कमी दिसतात, परंतु हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, असे शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितले. शिवाय एचपीव्ही तपासणीत ज्यांना 'विषाणू नाही' असे सांगितले, त्यांना पुढे कॅन्सर होण्याचे प्रमाण फारच कमी होते. इतर दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्यांमध्ये ते चौपटीहून अधिक निघाले. ज्या बाईला दर वर्षी मजुरी बुडवून दवाखान्यात येणे शक्य नाही, तिच्या दृष्टीने 'आता बरीच वर्षे काळजी नाही' हे खात्रीचे उत्तर मोलाचे आहे.

म्हणून आम्लाची तपासणी कुचकामी ठरली, असा अर्थ कोणी काढू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून अशीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी ती केली आणि तेथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त तपासणी वारंवार केली तर उपयोग होतो. एकदाच करायची असेल तर एचपीव्ही सरस ठरते.

या अभ्यासावर आक्षेपही घेण्यात आले आणि ते सांगितले पाहिजेत. चौथ्या गटातील एकतीस हजारांवर स्त्रियांची तपासणी न करता त्यांचे मृत्यू मोजत राहणे योग्य होते का, असा प्रश्न देशातील व परदेशातील काही डॉक्टरांनी विचारला. त्या काळी आपल्या खेड्यांत कोणतीच तपासणी होत नव्हती, तीच नेहमीची सेवा होती, असे उत्तर दिले गेले. हे उत्तर खरे आहे, तरी ते पुरेसे वाटत नाही. चौथ्या गटात दगावलेल्या त्या ६४ जणी कोणाच्या तरी आई, सासू, बहिणी होत्या. त्यांच्यामुळे मिळालेले ज्ञान निदान त्यांच्याच जिल्ह्यात वापरले जावे, एवढी मागणी गैर नाही.

प्रत्यक्षात काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती, त्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ऐंशी हजार दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. तिशीनंतर सुरू करावी आणि पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करावी, असे त्यांचे सांगणे आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी ठरलेली आहे.

पिशवी काढण्याची घाई

आपल्या भागातील आणखी एका गोष्टीशी याचा जवळचा संबंध आहे. 'अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते' म्हणून बाई डॉक्टरकडे जाते. तेथे कोणीतरी 'कॅन्सर होईल' अशी भीती घालतो आणि पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. कॅन्सरची शंकाच असेल तर आधी तपासणी करावी. बिघाड सापडला तरी सुरुवातीला पिशवी काढण्याची गरज नसते. बिघडलेला भाग थंड वायूने गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात. भूल द्यावी लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. तेव्हा 'पिशवी काढून टाका' असे कोणी सांगितल्यास 'तोंडाची तपासणी झाली का, तिचा कागद दाखवा' एवढे जरूर विचारावे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अभ्यासात ज्यांना तपासणीसाठी बोलाविले त्यांपैकी सुमारे ७९ टक्के आल्या. खेड्यांचा विचार करता हे प्रमाण मोठे आहे. पाचांतली एक मात्र घरोघर निरोप जाऊनही आली नाही. न आलेल्यांत वयाने मोठ्या आणि न शिकलेल्या स्त्रिया अधिक होत्या. म्हणजे ज्यांना धोका जास्त, त्याच मागे राहिल्या. 'आता या वयात कसली तपासणी' असे सासूबाई म्हणतात आणि सुनेलाही थांबवतात. दोघींनी बरोबर जावे, हा सोपा उपाय आहे. लाज वाटते हे मान्यच आहे, परंतु तपासणी बहुधा सिस्टर किंवा डॉक्टर बाईच करतात, आणि पाच-दहा मिनिटांत होते.

मुरुम परिसरातील भगिनींनी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातील सिस्टरकडे चौकशी करावी. पाळी चालू असताना जाऊ नये. आम्लाच्या तपासणीत पांढरा डाग दिसला तर घाबरून घरी बसू नये आणि लगेच कॅन्सर झाला असेही समजू नये. डाग दिसलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो, मात्र पुढची तपासणी चुकवता कामा नये. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर दिसले, शरीरसंबंधानंतर रक्त गेले किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर तपासणी शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. खासगीत एचपीव्ही तपासणी करून घेणे परवडत असेल तर तिशीनंतर एकदा अवश्य करावी.

मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ हे वय त्यासाठी सर्वांत चांगले. लस विषाणूच्या सर्वच प्रकारांना अडवत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही तिशीत तपासणी करावयाची असते, हे लसीच्या कार्डावर आजच लिहून ठेवावे.