बागेचे पाणी

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत, औषधांसाठी लागणारी कच्ची रसायने तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरीस होतो, त्या काळी माझ्या दप्तराइतके टापटिपीचे दप्तर साऱ्या वसाहतीत नाही अशी माझी समजूत होती. आणि तपासणीस येणाऱ्या सरकारी अंमलदारांनी वेळोवेळी मारलेले अनुकूल शेरे त्या समजुतीला खतपाणी घालीत. अग्निशामक नळकांड्यांची नोंदवही, हायड्रंटच्या दाबाची नोंदवही, रंगीत तालमींचे अहवाल, आपत्कालीन योजनेची जाड पुठ्ठ्याची प्रत, सारे काही रीतसर, तारीखवार आणि सहीशिक्क्यानिशी होते. सुमारे तीस वर्षांमागे, फाल्गुनातल्या एका दुपारी, पाऊण तासात मला जे कळून चुकले, त्यातील एक अक्षरही त्या दप्तरात नव्हते. आणि ही गोष्ट आधी कबूल केल्यावाचून इतरांना चार शब्द सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही.

होळी होऊन तीन दिवस झाले होते. ज्या दिवसांत पालखी घरोघर फिरते आणि मुंबईचा चाकरमानीसुद्धा रजा टाकून गावी येतो, त्या दिवसांत जवळच्या खेड्यातला कामगार कारखान्यात हजर राहील अशी अपेक्षा शहरातून बदलून आलेल्या व्यवस्थापकानेच करावी. आमच्या अग्निशमन पथकातील दहांपैकी सहा इसम त्या दिवशी रजेवर होते आणि त्यांचे अर्ज माझ्याच सहीने मंजूर झाले होते. पथकाची यादी मात्र भिंतीवर दहा नावांनिशी झळकत होती. मुकादमाने आणलेला एक बदली कामगार आणि आमचा एक जुना ऑपरेटर, असे दोघे मिळून, टोल्यूइन भरलेल्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमधून कोरडी भुकटी आत ओतीत होते. भुकटीच्या पोत्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर होते. हे काम त्याच जागी, त्याच रीतीने शेकडो वेळा झालेले होते, आणि जे शेकडो वेळा निर्वेध पार पडले ते निर्धोकच असले पाहिजे, असे मानण्याची जी मनुष्यमात्राची खोड आहे तिच्यापासून मीही मुक्त नव्हतो.

टोल्यूइनवर पेट घेण्याजोगे बाष्प जमायला 4 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमानही पुरते. म्हणजे आपल्याकडे ते बाराही महिने जमलेलेच असते. भुकटी प्लॅस्टिकवरून घसरत जाते तेव्हा घर्षणाने स्थितिक विद्युत साचते, आणि टोल्यूइन हे विजेचे इतके मंद वाहक आहे की त्यात उतरलेला भार सहजासहजी जमिनीत निघून जात नाही. आमच्या रिअ‍ॅक्टरला अर्थिंग होते. पोत्याला नव्हते, आणि रबरी तळव्याचे बूट घातलेल्या त्या दोघांनाही नव्हते. दिसेल न दिसेल अशी एक ठिणगी पुरली. मॅनहोलमधून ज्वाळेचा लोळ उठला, दोघांचे चेहरे व हात होरपळले, आणि हातून सुटलेले जळते पोते शेजारच्या उघड्या ड्रमवर पडले.

आता माझ्या दप्तराची गत ऐकावी. आपत्कालीन योजनेचे पहिलेच कलम, माझ्या मसुद्याप्रमाणे, 'प्रथम मुख्य वीजपुरवठा बंद करावा' असे होते. आमचा इलेक्ट्रिशियन आज्ञाधारक गृहस्थ. त्याने धावत जाऊन मुख्य स्विच खाली ओढला, आणि त्यासरशी भोंगा अर्ध्या आवाजात गळाला, कारण भोंगा त्याच विजेवर होता. आगीचा विजेवरचा पंपही निकामी झाला, कारण त्याचीही तार त्याच स्विचच्या पलीकडून आलेली होती. अशा प्रसंगासाठी शेजारीच डिझेलचा पंप होता, आणि वाहिनीतला दाब उतरताच त्याने आपोआप सुरू व्हावे अशी त्याची रचना होती. तो सुरू झाला नाही. त्याचा सिलेक्टर 'ऑटो'वरून काढून 'मॅन्युअल'वर ठेवलेला होता. आणि तो कोणी व का फिरवला याची जी चौकशी पुढे आठवडाभर चालली, तिचा माग अखेर कारखान्याच्या दर्शनी बागेत जाऊन पोचला.

खरेदीदारांची पाहुणेमंडळी येतील त्यांना प्रसन्न वाटावे म्हणून लावलेल्या हिरवळीला उन्हाची चाहूल लागताच पाणी अपुरे पडे, तेव्हा माळ्याने हायड्रंटलाच नळी जोडली होती. सकाळी नळी उघडली की वाहिनीचा दाब उतरे, लहानसा जॉकी पंप ती तूट भरून काढू शकत नसे, आणि मग पंपघरातले मोठे पंप धडधडू लागत. रोजच्या या तसदीला कंटाळून पंपवाल्याने दोन्ही मोठे पंप 'मॅन्युअल'वर टाकले होते. माझी दाबाची नोंदवही या साऱ्या काळात दुपारच्या फेरीला 7 किलोचा दाब दाखवीत होती आणि ती खोटीही नव्हती. तो दाब नुसता जॉकी पंप राखीत होता एवढेच. पुढे मी वाचले की 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर 167 माणसे मृत्युमुखी पडली, तेथेही आगीचे पंप 'मॅन्युअल'वरच होते, आणि आग लागल्यावर त्यांच्यापर्यंत कोणालाही पोचता आले नाही. तेथील कारण अधिक भारदस्त होते: पाण्यात उतरलेले पाणबुडे पंपाच्या ओढीत सापडू नयेत म्हणून ते तसे ठेवण्याची वहिवाट होती. आमचे पाणबुडे म्हणजे हिरवळ.

कोणीतरी जाऊन डिझेल पंप हाताने सुरू केला, आणि पाणी आले ते संकट घेऊनच आले. टोल्यूइन पाण्यात मिसळत नाही आणि पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगते. हे शाळकरी ज्ञान पथकातल्या ज्या सहा जणांना मी स्वतः शिकवले होते ते पालखीपुढे नाचत होते, आणि ज्यांच्या हाती नळी होती त्यांनी प्रामाणिकपणे पाण्याचा जोरदार फवारा ड्रमवर सोडला. जळते टोल्यूइन पाण्यावर स्वार होऊन गटारातून ड्रमांच्या आवाराकडे निघाले. फोमचे पिंप भांडारात कुलूपबंद होते आणि किल्ली भांडारपालाच्या खिशात, भांडारपाल जेवायला घरी. अग्निशमन केंद्राला आमच्या टाइमकीपरने फोन केला होता, पण 'आग लागलीय, लवकर या' एवढे बोलून त्याने तो खाली ठेवला. त्यामुळे बंब आला तो फोमविना, आणि ज्या फाटकापुढे मालाचा ट्रक आडवा उभा होता नेमक्या त्याच फाटकाशी आला. बंबावरच्या अधिकाऱ्याने उतरताच विचारलेला प्रश्न आजही माझ्या कानांत आहे: "साहेब, आत नक्की काय आहे, आणि किती आहे?" मला पहिल्या अर्ध्या प्रश्नाचेच उत्तर ठाऊक होते.

याहून भयंकर क्षण निराळाच होता. सर्वांनी जमण्याची जी जागा मी नकाशावर हिरव्या रंगाने दाखवली होती ती त्या दिवशीच्या वाऱ्याच्या नेमकी खाली पडली, धुराने माणसे तेथून पांगली, आणि हजेरी घेऊ जाता मुकादम म्हणू लागला, "पस्तीस होती बघा साहेब... का छत्तीस?" कंत्राटी माणसांची नावे आमच्या हजेरीपटावर नव्हतीच, ती मुकादमाच्या वहीत होती आणि वही जळत्या इमारतीत. तो छत्तिसावा माणूस कुंपण ओलांडून रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेला सापडेपर्यंतची वीस मिनिटे, आणि त्याला शोधण्यासाठी पुन्हा आत शिरू पाहणाऱ्या पोरांना आवरताना झालेली माझी अवस्था, यांविषयी न लिहिलेले बरे.

आग विझली ती शेजारच्या कारखान्याने आणलेल्या फोममुळे. प्राणहानी झाली नाही. जुन्या ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र कायमची आखडली. त्या रात्री इस्पितळाच्या पडवीत त्या शेजारच्या कारखान्याचे व्यवस्थापक माझ्याजवळ येऊन बसले आणि बऱ्याच वेळाने, आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. असंच पोतं, असंच मॅनहोल. आम्ही आतल्या आत मिटवलं." मला संताप आला, आणि तो ओसरण्यापूर्वीच लक्षात आले की त्याच संध्याकाळी मी स्वतः वार्ताहराला 'किरकोळ आग, उत्पादनावर परिणाम नाही' असे सांगून आलो होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यापाराला कदाचित लागू असेल. कारखानदारीत त्या झाकलेल्या मुठीची किंमत शेजारच्याच्या बोटांनी चुकती होते.

दर वर्षी 14 एप्रिलपासून आपण अग्निशमन सप्ताह पाळतो, छातीवर बिल्ले लावतो, आणि तेच दोन सराईत गडी मैदानात तव्यातले डिझेल पेटवून विझवून दाखवतात. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले, हे सप्ताहाच्या भाषणात सांगतात. पण जे सांगायला हवे ते राहून जाते. दुपारी दोनच्या सुमारास आग ध्यानी आली आणि चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. मधल्या दोन तासांत कापूस आणि दारूगोळा एकाच तळघरात भरलेल्या त्या जहाजावर 900 टनांहून अधिक पाणी ओतले गेले. जहाज बुडवावे, की ओढून बाहेर न्यावे, की आहे तेथेच विझवावे, याविषयी धक्क्यावर जाणत्यांची मते पडत राहिली, आणि त्यांतले एक निवडून हुकूम देण्याचा निर्विवाद अधिकार कोणा एकाकडे नव्हता. आमच्या आवारातही त्या दुपारी तीन साहेब तीन हुकूम देत होते, त्यांतला एक मी.

पुढल्या महिन्यात आम्ही वसाहतीतील पाच कारखान्यांचे लोक एका शनिवारी एकत्र बसलो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी परस्परांच्या मदतीसाठी 'मार्ग' या नावाने जो गट उभा केला होता त्याची माहिती आम्हांस होती. त्याच धर्तीवर फोमचा साठा, श्वसनयंत्रे, माहीतगार माणसे यांची सामाईक यादी केली. पण खरे काम झाले ते एका वहीने. प्रत्येक बैठकीत प्रत्येकाने आपल्या आवारातली एक चूक, शक्यतो थोडक्यात टळलेला अपघात, सांगायचा. कामगाराचे नाव लिहायचे नाही, आणि सांगितल्याबद्दल त्याच्यावर कसूर लावायचा नाही. पहिल्या दोन बैठकांत सर्वांनी आपल्या व्यवस्थेची स्तुतीच सांगितली. तिसऱ्या बैठकीत आमच्या माळ्याची गोष्ट मी सविस्तर वाचली, तेव्हा एकाने खाकरून सांगितले की त्यांच्या फोमच्या पिंपात पाहणी करता चोथा निघाला होता. तेथून वही भरू लागली.

त्या वहीतून जे निघाले त्यातील काही येथे देतो, कारण ते विकत घ्यावे लागत नाही. ज्वालाग्राही द्रवात उघड्या मॅनहोलमधून भुकटी ओतू नये. शक्य तेथे भुकटी आधी आणि द्रव मागाहून घ्यावा, नाहीतर रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजनचे आवरण ठेवून बंद मार्गाने भुकटी सोडावी, आणि प्लॅस्टिकचे अस्तर त्या मजल्यावर येऊच देऊ नये. पंपाची वीज मुख्य स्विचच्या अलीकडून, स्वतंत्र घ्यावी. भोंगा एक तरी हाताने फिरवायचा असावा. पंपाची चाचणी स्विच दाबून करू नये. सर्वांत दूरचा हायड्रंट उघडावा आणि पंप स्वतःहून जागा होतो की नाही ते पाहत उभे राहावे. जमण्याच्या जागा दोन, आणि वाऱ्याची पिशवी प्रत्येक दारातून दिसेल अशी. कंत्राटी माणसासकट प्रत्येकाचा बिल्ला फाटकावरच्या फळीवर. आत जाताना टांगायचा, बाहेर पडताना काढायचा. फोनजवळ एक कागद: कारखाना, फाटक, काय जळते आहे, किती आहे, जखमी किती, वारा कुठला, तो वाचून संपेपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही. पथकाची यादी प्रत्येक पाळीची वेगळी, आणि शिमगा-गणपतीची आणखी वेगळी. हुकूम देणारा एक, त्याच्या गैरहजेरीत कोण हे आधी ठरलेले.

कायद्याची तरतूद कमी आहे असे मला वाटत नाही. घातक रसायनांविषयीचे 1989 सालचे नियम कारखान्याच्या आवारातल्या योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायला लावतात, आणि महाराष्ट्राच्या 2006 सालच्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे जानेवारीत व जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला द्यावा लागतो. परंतु दाखला हा दाखल्याच्या दिवसाचा असतो. म्हणून आम्ही तालीम आगाऊ न कळवता घेऊ लागलो, आणि परीक्षक म्हणून शेजारच्या कारखान्याचा माणूस बोलावू लागलो. घरच्या परीक्षकाला घरची घाण दिसत नाही. अशाच एका तालमीत मदतीस आलेला शेजाऱ्यांचा बंब आमच्या पहारेकऱ्याने गेटपास नाही म्हणून सव्वादोन मिनिटे बाहेर अडवून धरला. त्याला बक्षीस द्यावे की ठपका, यावर बैठकीत फार वेळ गेला. अखेर दोन्ही दिले.

गेल्या वर्षी एका समारंभाच्या निमित्ताने त्या कारखान्यात जाणे झाले. नवे व्यवस्थापक तरुण आणि अगत्यशील. त्यांनी मला सारे फिरवून दाखवले. हिरवळ पूर्वीहून दाट आहे. चालता चालता मी नळीच्या मागे मागे गेलो. ती वेगळ्या टाकीच्या नळावर संपत होती. मग पंपघरात शिरलो. पंपवाला नवा होता, त्याने मला ओळखले नाही. "काका, आत्ताच चाचणी झालीय, म्हणून मॅन्युअलवर आहे. चहा घेऊन आलो की करतो ऑटोवर," तो म्हणाला. मी म्हटले, घ्या ना चहा, पण आधी हे करा. आणि त्याने सिलेक्टर फिरवीपर्यंत दारातच उभा राहिलो.