कुंभकोणम परिसरातील रात्रभजनाचा अनुक्रम आणि मराठी अभंगाचे स्थान

गीतांचा संग्रह करताना संपादकापुढे दोन प्रश्न उभे राहतात : कोणती गीते घ्यावीत आणि ती कोणत्या क्रमाने मांडावीत. छापील ग्रंथात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा कवी, राग, देवता किंवा वर्णानुक्रम यांच्या आधारे दिले जाते. परंतु गीते जर वाचण्यासाठी नसून एका रात्रीत गाण्या-ऐकण्यासाठी असतील, तर क्रमाचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. पहिल्या प्रहरी शोभणारे पद मध्यरात्रीनंतर निष्प्रभ ठरते, आणि उत्तररात्री मंडळीला उभे करणारे पद आरंभी गायिले तर पुढचे सारे फिके पडते. हा प्रश्न तमिळनाडूतील कुंभकोणमच्या परिसरात एका विशिष्ट पद्धतीने सोडविला गेला. तिला ‘संप्रदाय भजन’ किंवा ‘भजनपद्धती’ असे म्हणतात. मराठीच्या अभ्यासकाला या पद्धतीकडे दुर्लक्ष करता येणार नाही, कारण तिच्या अनुक्रमात मराठी अभंगाला एक नेमलेली जागा आहे. ती जागा कोणती आणि का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. पद्धतीची पार्श्वभूमी

या संप्रदायाचे तीन आचार्य मानले जातात : गोविंदपुरमचे बोधेंद्र सरस्वती, तिरुविशनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी. ही तिन्ही गावे कुंभकोणमच्या आसपास, कावेरीच्या खोऱ्यातच आहेत. बोधेंद्रांनी नामाचा सिद्धांत ग्रंथांतून मांडला. त्यांची समाधी परंपरेने १६९२ ची मानतात. अय्यावाळ त्यांचे समकालीन. तंजावरचे मराठे राजे पहिले शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे शहाजीराजपुरम हे नाव त्या दानाची साक्ष देते. पहिल्या दोन आचार्यांनी नामाची महती सांगितली. परंतु नाम आणि पदे कोणत्या क्रमाने गावीत, याची घडी बसविण्याचे श्रेय मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींना (१७७७–१८१७) दिले जाते. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सरफोजीराजांच्या काळात गेला.

या काळाची भाषिक स्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे. १६७५–७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर घेतल्यापासून १८५५ मध्ये राज्य खालसा होईपर्यंत या प्रदेशात तमिळ ही लोकांची, तेलुगू ही संगीताची, संस्कृत ही शास्त्राची आणि मराठी ही राजघराण्याची व दरबाराची भाषा होती. स्वतः शहाजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नाटक रचले. त्यात पाच भाषा येतात. पण तेथे भाषा पात्रानुसार बदलते. भजनपद्धतीत ती पात्रानुसार नव्हे, तर रात्रीतील स्थानानुसार बदलते. हा फरक मूलगामी आहे.

२. अनुक्रमाचे स्वरूप

मठामठांत तपशिलाचे भेद असले, तरी सर्वसाधारण क्रम असा आढळतो. आरंभी ध्यानश्लोक व ‘तोडयमंगलम्’ ही मंगलपदे. मग गुरुध्यान आणि त्याला जोडून गुरुस्तुतीचे अभंग. त्यानंतर साधुकीर्तने; मग जयदेवाच्या अष्टपदी आणि नारायणतीर्थांच्या ‘कृष्णलीलातरंगिणी’तील तरंग. पुढे ‘पंचपदी’, म्हणजे पाच संतरचनाकारांची पाच पदे. नंतर एकेका देवतेची कीर्तने. त्यांत पांडुरंगाचा क्रम आला की पुन्हा मराठी अभंग. मग पूजेचे उपचार, आणि रात्र चढल्यावर दिव्यनाम : मध्यभागी दीप ठेवून, त्यात राधाकृष्णांचे सान्निध्य मानून, भागवतमंडळी त्याभोवती फेर धरते. शेवटी डोलोत्सव : देवाला झोपाळ्यावर बसवून, झुलवून निजविण्याची पदे. उजाडल्यावर उंछवृत्ती, म्हणजे गात गात भिक्षा मागणे, आणि उत्सवप्रसंगी राधाकल्याण.

प्रत्येक पदानंतर नामावळी येते. पद जाणकारासाठी असते, नामावळी सर्वांसाठी. मुख्य भागवत एक चरण उच्चारतो, मंडळी तो परत म्हणते. परंपरेने गाणारे पुरुष आणि ऐकणाऱ्या स्त्रिया अशी विभागणी असे. विसाव्या शतकात स्त्रियांची स्वतंत्र भजनमंडळे उभी राहिली.

हा क्रम एका माणसाने एका वेळी ठरविला आणि तो जसाच्या तसा राहिला, असे मानता येत नाही. प्रचलित पंचपदीत भद्राचल रामदास, पुरंदरदास, सदाशिव ब्रह्मेंद्र, गोपालकृष्ण भारती व त्यागराज यांची पदे येतात. यांपैकी गोपालकृष्ण भारती हे सद्गुरुस्वामींच्या मागून, एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्यागराज (१७६७–१८४७) हे सद्गुरुस्वामींचे समकालीन, पण त्यांच्यानंतर तीस वर्षे हयात होते. यावरून सद्गुरुस्वामींनी घातलेली चौकट स्थिर राहिली आणि तिच्यातील जागा पुढच्या पिढ्यांनी भरल्या, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरते.

३. निवडीची तत्त्वे

या अनुक्रमात श्रेष्ठ-कनिष्ठतेची कल्पना आहे काय? आहे, परंतु ती काव्यगुणांवर बेतलेली नाही. अष्टपदी आधी येतात आणि नामावळी नंतर, यावरून अष्टपदी श्रेष्ठ ठरत नाहीत. येथे श्रेणी लागते ती ‘नित्य’ आणि ‘ऐच्छिक’ या भेदाने. गुरुस्तुती, किमान एक अष्टपदी, एक तरंग आणि पंचपदी ही नित्य अंगे. कोणती अष्टपदी, कोणता राग, कोणत्या देवतेची किती कीर्तने, हा भागवताच्या इच्छेचा भाग. पंचपदीची पाचही पदे पुष्कळदा एकाच रागात निवडतात. भाषा बदलते, कवी बदलतो, स्वरविश्व मात्र अखंड राहते. भागवताचे कौशल्य नवे पद शोधण्यात नसते. नेमलेल्या जागेला त्या रात्री साजेसे पद आठवण्यात असते.

दुसरे तत्त्व श्रोत्याच्या देहाचे आहे. एकादशीची मंडळी उपाशी असते आणि तिला जागायचे असते. म्हणून अर्थाने दाट व विस्ताराने दीर्घ अशा रचना पूर्वरात्री, मन ताजे असताना येतात. गीतगोविंदातील समासप्रचुर संस्कृत मध्यरात्रीनंतर पेलणारे नाही. थकवा येऊ लागताच पदे आखूड होतात, आवर्तने वाढतात, आणि दिव्यनामाच्या वेळी बसलेली मंडळी उठून उभी राहते. ऐकण्याची जागा चालणे घेते. त्यानंतर डोलोत्सवात पुन्हा मंद लय येते. त्यागराजांच्या उत्सवसंप्रदाय कीर्तनांत याच उपचाराची पदे आहेत, आणि नीलांबरीसारखा अंगाईशी जोडला गेलेला राग येथे स्वाभाविक वाटतो. मात्र येथे निजवायचे असते ते देवाला, श्रोत्याला नव्हे. साऱ्या रात्रीच्या रचनेचे मर्म या एका गोष्टीत आहे : देव निजतो, भक्त जागा राहतो.

महाराष्ट्रातील वारकरी जागराशी तुलना केली असता साम्य व भेद दोन्ही स्पष्ट होतात. वारकरी भजनी मालिकेतही क्रम ठरलेला असतो. सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर, पहाटे काकडा. परंतु तेथे भाषा प्रायः एकच असल्यामुळे क्रम प्रकरणांचा व प्रहरांचा असतो. कुंभकोणमच्या पद्धतीत प्रत्येक टप्पा एका भाषेचा आणि एका भावाचाही आहे.

४. मराठीची जागा

पंचपदीत तेलुगूला दोन, आणि कन्नड, संस्कृत व तमिळ यांना प्रत्येकी एक स्थान आहे. मराठीला एकही नाही. मराठ्यांच्या राज्यात घडलेल्या पद्धतीत हे आश्चर्याचे वाटेल. पुरंदरदासांच्या ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेमुळे विठ्ठल पंचपदीत येतो, पण तो कन्नडमधून. तथापि केवळ गणती करणारा अभ्यासक येथे फसतो. मराठी अभंग पाचांच्या पंक्तीत बसलेला नाही, कारण त्याला पंक्तीपूर्वीची जागा मिळालेली आहे. गुरूला वंदन झाल्याखेरीज पुढचे काहीच गाता येत नाही, आणि त्या वंदनासाठी मराठी अभंग योजलेला आहे. दुसऱ्यांदा तो पांडुरंगाच्या कीर्तनात येतो. म्हणजे पहिली जागा कार्यामुळे मिळाली, दुसरी देवतेमुळे. पैकी पहिली अधिक महत्त्वाची. तेथे अभंग मराठी देवतेसाठी नव्हे, तर गुरुभक्तीची भाषा म्हणून आला आहे.

याचे कारण शोधताना तंजावर भागातील रामदासी मठांकडे लक्ष जाते. समर्थांच्या परंपरेत गुरूला असलेले स्थान आणि राजघराण्याचा त्या परंपरेशी असलेला संबंध, यांमुळे गुरुस्तुती व मराठी यांची सांगड घातली गेली असणे शक्य आहे. ‘पंचपदी’ हा शब्दही रामदासी उपासनेत परिचित आहे. तेथे तो एकाच संप्रदायाच्या पाच पदांना लावतात. येथे पाच निरनिराळ्या रचनाकारांच्या. नाव एक आणि तत्त्व भिन्न, यावरून थेट अनुकरण सिद्ध होत नाही. शब्द प्रवासात नवा अर्थ घेतो एवढेच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनाचा प्रभाव पुन्हा तीव्र झाला. रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने तंजावरने ऐकली, तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्यांतून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तमिळ-तेलुगू रचनेत रुळली. परंतु हरिकथेत मराठीचे छंद गेले. भजनात मराठीचे शब्द राहिले.

शब्द राहिले, पण कोणत्या रूपात? हा पाठचिकित्सेचा विषय आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना एकच अक्षर. त्यामुळे भजनाच्या छापील पुस्तकांत अक्षराशेजारी अंक घालून उच्चार सुचविण्याची पद्धत रूढ झाली. जेथे अंक गळला तेथे गायकाने अंदाजाने उच्चार केला, आणि पुढच्या पिढीने तोच पाठ धरला. अशा रूपांना अपपाठ म्हणून वगळणे सोपे आहे. परंतु मराठी न समजणाऱ्या कंठांनी दोन शतके सांभाळलेला अभंग हा पाठ म्हणून सदोष असला, तरी परंपरेचा पुरावा म्हणून मोलाचा आहे. महाराष्ट्रातील गाथांत न आढळणारे अभंगही त्यांत असू शकतात. त्यांची नोंद स्थानासह व्हावयास हवी.

५. समारोप

‘स्थानासह’ हा शब्द येथे कळीचा आहे. आज नामसंकीर्तनाचे कार्यक्रम सभागृहांत दोन-तीन तासांत आटोपतात, आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत अभंग शेवटच्या हलक्या पदांत गायिला जातो. त्याला श्रोतेही भरपूर लाभतात. गोविंदपुरम येथे २०११ मध्ये विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले. अभंगाची लोकप्रियता घटलेली नाही, वाढलेली आहे. पण उंबरठ्यावरचे पद निरोपाचे पद झाले, की त्याचा अर्थ बदलतो. वेळ तोकडा पडला म्हणजे प्रथम गळते ते मध्यरात्रीनंतरचे अंग, दिव्यनाम आणि डोलोत्सव. आणि ती अंगे गळाली की आरंभीच्या गुरुवंदनाचे प्रयोजनही दुबळे होते. ज्या दीर्घ जागरणासाठी गुरूची अनुज्ञा घ्यावयाची, ते जागरणच उरत नाही.

भारतीय साहित्याचा अभ्यास बहुधा भाषावार होतो. अभंग मराठीच्या, अष्टपदी संस्कृतच्या, त्यागराजांची पदे तेलुगूच्या इतिहासात जातात. कुंभकोणमच्या रात्रभजनात ती एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि त्या शेजारातूनच प्रत्येकाला त्या रात्रीपुरता अर्थ मिळतो. म्हणून या परंपरेची संहिता केवळ पदांची असू शकत नाही. ती पदांच्या क्रमाची असावी लागेल. असा क्रम मठामठांतून, भागवतांच्या तोंडून आणि जुन्या वह्यांतून नोंदविणे हे काम पुस्तकालयात बसून होणारे नाही. त्यासाठी रात्र जागावी लागेल.